फट आणि दाब : घन वस्तूंच्या स्पर्शाचे गणित

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने लोखंडी चाक आणि रूळ यांच्यावर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल आणि विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना कदाचित हसूही येईल. माझे सारे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. घरात मराठी, शेजारी व बाजारात कन्नड आणि कॉलेजच्या पुस्तकांत इंग्रजी, ही आम्हा सीमाभागातल्या मुलामुलींची नेहमीचीच परिस्थिती. तेव्हा यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने लिहिण्याची माझी पात्रता नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत हा विषय माझ्यापुढे आला आणि त्याची किल्ली आमच्याच अभ्यासक्रमात निघाली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कोसाडची सुटी

माझी मावशी कोसाडला राहते. सुरत सोडून गाडी उत्तरेकडे निघाली की तापीचा पूल लागतो, मग उत्राण, आणि त्यापुढचे लहानसे स्टेशन म्हणजे कोसाड. एके काळचे हे खेडे आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. मुंबई-अहमदाबाद हा मुख्य लोहमार्ग येथूनच जातो, त्यामुळे न थांबणाऱ्या एक्सप्रेस आणि लांबलचक मालगाड्या यांचा आवाज रात्रंदिवस कानांवर असतो. कापडाच्या धंद्यामुळे सुरतेत खानदेशातून आलेली मराठी वस्ती पुष्कळ आहे. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. त्यामुळे मावशीच्या गल्लीत मला कधी परके वाटले नाही.

मावशी घरी साड्यांना लेस लावण्याचे काम करते. काका रेल्वेत की-मन आहेत. आपल्या हद्दीतला लोहमार्ग रोज पायी तपासायचा, ढिले झालेले बंद ठाकठीक करायचे, आणि धोका दिसला तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची, हे त्यांचे काम. मावसभाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते.

एका संध्याकाळी दादा संगणकावर आपला प्रकल्प करीत बसला होता. पडद्यावर खाली रुळाचा तुकडा आणि वर गाडीचे चाक, असे चित्र होते. त्याने चाकावर भार दिला. चाक खाली आले, रुळाला लागले, आणि तेथे न थांबता लोण्यात सुरी शिरावी तसे रुळात शिरून पार खाली निघून गेले! मला हसू आवरेना.

“दादा, रूळ लोखंडाचा आहे ना?”

“हसू नकोस. संपर्काची अट द्यायची राहिली. हे तुझ्या जमाखर्चात येत नाही,” तो म्हणाला.

बोलणे थट्टेचे होते, पण मला ते लागले. काका चहा घेत शेजारीच बसले होते. त्यांनी मला विचारले, “तू सांग बघू, गाडीचं चाक रुळावर टेकतं किती?”

मी अंदाजाने म्हटले, “तळहाताएवढं तरी?”

काकांनी करंगळी पुढे केली आणि तिचे नख दाखवले. “एवढंच.”

हे खरे आहे. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांचा स्पर्श साधारण एका चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. भरलेल्या मालडब्याच्या एका चाकावर सुमारे दहा टन भार येतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर दहा टन! साऱ्या गाडीचे वजन, तिचा वेग आणि तिचा ब्रेक अशा मोजक्या नखांवर अवलंबून असतो. त्या रात्री मला हा विषय सोडवेना.

संगणकाला काय ठाऊक नसते?

प्रथम दादाचे चाक रुळातून आरपार का गेले, ते पाहू. अभियंते एखाद्या वस्तूचे गणित करताना तिचे हजारो लहान तुकडे कल्पितात. प्रत्येक तुकडा किती दाबल्यास किती दबेल याचे समीकरण मांडतात, आणि ती सारी समीकरणे संगणक एकदम सोडवतो. परंतु चाकाचे तुकडे हे चाकाचे आणि रुळाचे तुकडे हे रुळाचे. या दोन कुटुंबांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कोणत्याच समीकरणात आपोआप येत नाही. दोन घन वस्तू एकाच जागी राहू शकत नाहीत, हे रांगणारे मूल कपाळाला टेंगूळ आणून शिकते. संगणकाला ते वेगळे सांगावे लागते.

सांगायचे तरी काय? पुष्कळ विचार केल्यावर मला असे दिसले की सारे सांगणे तीन ओळींत मावते.

१) दोन वस्तूंमधली फट शून्य असेल किंवा त्याहून जास्त, उणे कधीच नाही. उणे फट म्हणजे एक वस्तू दुसरीत घुसली.

२) दोन वस्तूंमधला दाब शून्य असेल किंवा त्याहून जास्त, उणे कधीच नाही. उणे दाब म्हणजे एक वस्तू दुसरीला ओढते आहे. गोंद लावल्याखेरीज असे होत नाही.

३) फट × दाब = ०. फट असेल तर दाब नाही, आणि दाब असेल तर फट नाही.

येथे मला आपल्या दोन भाषांची मदत झाली. मराठीत आपण टेकणे, दाबणे आणि चिकटणे असे तीन वेगळे शब्द वापरतो. कन्नडमध्येही ‘मुट्टु’, ‘ओत्तु’ आणि ‘अंटु’ असे तीन वेगळे शब्द आहेत. पहिली अट ‘टेकण्या’ची मर्यादा सांगते, दुसरी अट ‘दाबणे’ मान्य करून ‘चिकटणे’ नाकारते, आणि तिसरी अट म्हणते की टेकल्यावाचून दाबता येत नाही.

पोकळ स्लीपर

या तीन ओळी सोप्या दिसतात, पण त्यांनीच गणित अवघड होते. त्यासाठी काकांच्या रोजच्या अनुभवातले उदाहरण घेते. रुळाखालचे सिमेंटचे स्लीपर खडीवर बसलेले असतात. गाड्यांच्या माऱ्याने एखाद्या स्लीपराखालची खडी खचते आणि तेथे पोकळी होते. स्लीपर रुळाला बंदांनी धरलेला असल्यामुळे तो तसाच लटकून राहतो. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. गाडी आली की रूळ वाकतो, स्लीपर खाली जातो आणि खडीवर आपटतो. प्रत्येक चाकाबरोबर आपटतो, आणि पोकळी वाढत जाते.

समजा, अशा स्लीपराखाली ४ मिलिमीटर फट आहे. आजूबाजूच्या पक्क्या स्लीपरांवर टेकलेला रूळ येथे स्प्रिंगसारखा वागतो. तो १ मिलिमीटर वाकवायला १ टन भार लागतो. खालची खडी १ मिलिमीटर दाबायला दीड टन लागतो. (आकडे गणिताच्या सोयीचे घेतले आहेत.)

प्रथम रिकामा डबा आला. चाकावर ३ टन. स्लीपर टेकत नाही असे धरू. रूळ ३ मिलिमीटर वाकेल, फट १ मिलिमीटर उरेल. फट उणे नाही, दाब शून्य. तिन्ही अटी पाळल्या गेल्या, उत्तर बरोबर.

आता हेच गणित ‘स्लीपर टेकतो’ असे धरून करून पाहू. रूळ क्ष मिलिमीटर खाली गेला तर, क्ष + १.५ × (क्ष − ४) = ३. म्हणजे २.५ क्ष = ९ आणि क्ष = ३.६. खडीचा दाब १.५ × (३.६ − ४), म्हणजे उणे ०.६ टन. खडी स्लीपराला खाली ओढते आहे असे उत्तर आले! दुसरी अट मोडली. म्हणजे आपले गृहीत चुकले.

मग भरलेला डबा आला. चाकावर ९ टन. ‘टेकत नाही’ असे धरले तर रूळ ९ मिलिमीटर खाली जाईल, म्हणजे स्लीपर खडीत ५ मिलिमीटर घुसेल आणि खडी काहीच म्हणणार नाही. पहिली अट मोडली. दादाच्या चाकाचे हेच झाले होते. आता ‘टेकतो’ असे धरू : २.५ क्ष = १५, क्ष = ६. रुळाने ६ टन पेलले, खडीने ३ टन. बेरीज ९. बरोबर.

चाकावर नेमका ४ टन भार असता तर? रूळ ४ मिलिमीटर वाकला, फट शून्य झाली, पण दाबही शून्य. स्लीपर नुसता टेकला. वरच्या शब्दांत सांगायचे तर ‘मुट्टु’ झाले, ‘ओत्तु’ झाले नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेल की प्रत्येक समीकरण शाळकरी मुलाला सोडवता येईल असे आहे. अडचण समीकरणाची नाही. कोणते समीकरण खरे, हे उत्तर काढल्याशिवाय कळत नाही, आणि समीकरण निवडल्याशिवाय उत्तर काढता येत नाही, ही अडचण आहे. एका स्लीपराला दोन शक्यता. दहा स्लीपरांना १,०२४. वीस स्लीपरांना १०,४८,५७६. आणि शंभर ठिकाणी स्पर्श होण्याचा संभव असेल तर शक्यतांचा आकडा एकतीस अंकी होतो. एकेक तपासत बसणे संगणकालाही शक्य नाही.

मावशीची लेस आणि आमचा पेपर

आता आमच्या अभ्यासक्रमाकडे वळते. लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या प्रकरणात ‘छाया-किंमत’ नावाचा एक भाग आहे. त्याची व्याख्या मी पाठ केली होती आणि परीक्षेत ती लिहिलीही होती. पण उदाहरणात शिल्लक राहिलेल्या मालालाही मी किंमत लावली आणि गुण गमावले. दोष माझाच, कारण मला तो भाग कळलाच नव्हता.

तो कळला मावशीच्या माजघरात. मावशीला दुपारी चार तास मोकळे मिळतात. एका साडीला अर्धा तास आणि ६ मीटर लेस लागते. घरात ६० मीटर लेस आहे. चार तासांत आठ साड्या होतात, ४८ मीटर लेस खर्च होते आणि १२ मीटर उरते. आता कोणी मावशीला आणखी एक मीटर लेस देऊ केली तर तिला तिचे काय मोल? काहीच नाही. पण कोणी अर्धा तास देऊ केला तर एका साडीची पूर्ण मजुरी हाती येईल. जे शिल्लक आहे त्याची छाया-किंमत शून्य. ज्याची छाया-किंमत आहे ते शिल्लक नाही.

शिल्लक × किंमत = ०.

मी वही काढली आणि त्याखाली लिहिले : फट × दाब = ०. दोन्ही ओळी एकच आहेत! फट म्हणजे जागेची शिल्लक. दाब म्हणजे त्या जागेची किंमत. जेथे जागा मोकळी आहे तेथे तिला किंमत नाही. जेथे जागा संपली तेथेच किंमत मोजावी लागते. जी गोष्ट अर्थशास्त्रात पैशांत मोजतात, तीच येथे टनांत मोजली आहे. गणितज्ञ दोहोंना ‘पूरकता’ हे एकच नाव देतात.

हे साम्य माझ्या आधी पुष्कळांनी ओळखले होते, हे मला मागाहून वाचनात आढळले. जॉर्ज डांटझिग यांनी १९४७ मध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी सिम्प्लेक्स पद्धती काढली. कोपऱ्यावरून कोपऱ्यावर, दर पावलाला नफा वाढवीत जायचे, अशी ती पद्धत. कार्लटन लेम्के यांनी १९६५ मध्ये तशाच धर्तीवर पूरकतेचे प्रश्न सोडवण्याची रीत दिली : एक गृहीत घ्या, जेथे अट मोडते तेथे ‘टेकले’चे ‘सुटले’ किंवा ‘सुटले’चे ‘टेकले’ करा, आणि पुढे जा. सगळ्या शक्यता तपासाव्या लागत नाहीत. बहुधा थोड्याच पावलांत मुक्काम गाठता येतो. पोकळ स्लीपराचे गणित आपण वर नकळत असेच केले.

थोडासा इतिहास

स्पर्शाच्या गणिताचा आरंभही एका सुटीतच झाला, हे वाचून मला विशेष आनंद झाला. हाइनरिख हर्ट्झ हे नाव आपण विद्युतचुंबकीय लहरींच्या संदर्भात ऐकतो. १८८० च्या नाताळच्या सुटीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली असता त्यांचा आकार कसा बदलतो याचा त्यांनी विचार केला. १८८२ मध्ये तो निबंध छापून आला. त्यांच्या सूत्राप्रमाणे, दोन गोलाकार वस्तूंवरचा भार आठपट केला तर स्पर्शाच्या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते, आणि दाब फक्त दुप्पट होतो. भार वाढला की वस्तू स्वतःच टेकण्याची जागा वाढवून घेते. चाक आणि रुळाच्या नखाएवढ्या ठिपक्याचा पहिला अंदाज आजही याच सूत्राने काढतात.

परंतु हर्ट्झ यांचे सूत्र गुळगुळीत, साध्या वक्राकाराच्या वस्तूंना लागू पडते. झिजलेले चाक आणि झिजलेला रूळ दोनतीन ठिकाणीही टेकू शकतात. कोठे टेकेल हे आधी ठाऊक नसताना प्रश्न कसा मांडायचा, हे इटलीचे आन्तोनियो सिन्योरिनी यांनी १९५९ मध्ये काटेकोरपणे मांडले, आणि त्याला उत्तर असते व ते एकच असते, हे त्यांचे शिष्य गायतानो फिकेरा यांनी १९६३ मध्ये सिद्ध केले. उत्तर आहे हे कळले. ते आकड्यांत काढण्याचे काम संगणकाकडे आले.

दंडाची पद्धत

संगणकात आज सर्वांत जास्त चालणारी एक रीत वाणिज्याच्या विद्यार्थ्याला चटकन समजेल. तिचे नावच ‘दंड पद्धती’ आहे. वस्तूला घुसू नकोस असे बजावण्याऐवजी, घुसशील तर दंड भरावा लागेल असे सांगायचे. जितके घुसशील तितका दंड.

आपल्या उदाहरणात खाली खडीऐवजी अजिबात न दबणारा कातळ आहे असे समजा. भार ९ टन. खरे उत्तर उघड आहे : रूळ ४ मिलिमीटर वाकून थांबेल, तो ४ टन पेलेल आणि कातळ ५ टन. आता दर मिलिमीटरला १० टन दंड ठेवू. क्ष + १० × (क्ष − ४) = ९. क्ष = ४.४५५ आणि कातळाचा दाब ४.५४५ टन. म्हणजे स्लीपर जवळजवळ अर्धा मिलिमीटर कातळात घुसला. दंड १०० केला तर घुसणे ०.०५ मिलिमीटर आणि दाब ४.९५. दंड १,००० केला तर दाब ४.९९५.

मग दंड अब्जावधी का ठेवू नये? कारण संगणक प्रत्येक आकड्याचे ठराविकच अंक लक्षात ठेवतो. कोट्यवधींच्या उलाढालीच्या वहीत पैशांचा हिशेब मागे पडतो, तसा अवाढव्य दंडापुढे रुळाचा १ टन मागे पडतो आणि उत्तर बिघडते. दंड थोडा ठेवला तर नियम मोडतात, आणि अतोनात ठेवला तर हिशेबच कोलमडतो. हे केवळ यंत्रांनाच लागू आहे असे नाही!

यावर तोड निघाली ती आम्हाला रोजकीर्दीत परिचित असलेली आहे : मागील बाकी पुढे ओढणे. दंड १० इतका माफकच ठेवा. पहिल्या फेरीत दाब ४.५४५ टन आला. तो खात्यावर कायम जमा धरा आणि त्यावर नव्याने दंड लावा. दुसऱ्या फेरीत घुसणे ०.०४१ मिलिमीटर उरते आणि दाब ४.९५९ होतो. तिसऱ्या फेरीत घुसणे ०.००४ आणि दाब ४.९९६. प्रत्येक फेरीत चूक अकरावा हिस्सा होते. माफक दंडात, केवळ बाकी नीट ओढल्यामुळे, खरे उत्तर मिळते. ही रीत १९६९ मध्ये मॅग्नस हेस्टेन्स आणि मायकेल पॉवेल यांनी स्वतंत्रपणे सुचवली, आणि पुढे स्पर्शाच्या प्रश्नांत ती रुळली.

एका मराठी माणसाची वाट

कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जाण्याच्या पद्धतीतही एक खोट आहे. काही मुद्दाम रचलेल्या प्रश्नांत सिम्प्लेक्स पद्धती जवळजवळ सारे कोपरे फिरते, हे १९७२ मध्ये दाखवले गेले. या बाबतीत मोठे पाऊल टाकले ते नरेंद्र करमरकर यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले करमरकर मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. कडेकडेने कोपरे मोजत जाण्याऐवजी ती क्षेत्राच्या आतून वाट काढते. कडेच्या फार जवळ गेले की अडथळा वाढत जातो, म्हणून ती भिंतीला न धडकता उत्तराकडे सरकते.

या ‘आतल्या वाटे’च्या पद्धतींचे तत्त्व स्पर्शाच्या गणितातही आले आहे. दंड पद्धती घुसल्यावर दंड करते. अडथळ्याची पद्धती घुसण्यापूर्वीच हळूहळू विरोध वाढवते, आणि फट शून्याकडे जाऊ लागली की विरोध अनंताकडे जातो. त्यामुळे वस्तू एकमेकींत कधी घुसतच नाहीत. कापडाच्या घड्या, गुंतलेल्या साखळ्या अशा हजारो स्पर्शांच्या प्रश्नांसाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक गाजलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. जो अध्याय आम्ही परीक्षेपुरता वाचतो त्याच्या पुढच्या पानावर एका मराठी माणसाचे नाव आहे, हे मला तरी कोणी सांगितले नव्हते. म्हणून येथे नोंदवते.

चिकटणे आणि घसरणे

आतापर्यंत फक्त सरळ खाली दाबण्याचा विचार केला. पण चाक पुढेही जाते, आणि ते जाते घर्षणामुळे. घर्षणातही असाच ‘हे किंवा ते’ असा पेच आहे. बाजूचे बल दाबाच्या एका ठराविक अंशाहून कमी असेल तर पृष्ठभाग एकमेकांना धरून राहतात; त्या मर्यादेला पोचले की घसरतात. इंग्लंडचे एफ. डब्ल्यू. कार्टर यांनी १९२६ मध्ये दाखवले की इंजिनाचे चाक ओढत असताना त्या इवल्याशा ठिपक्यातही पुढचा भाग धरून असतो आणि मागचा घसरत असतो. हॉलंडमधील डेल्फ्टचे योस्ट काल्कर यांनी या प्रश्नाला सारे आयुष्य वाहिले. १९८२ मध्ये त्यांनी दिलेली झटपट आकडेमोडीची रीत गाड्यांच्या हालचालींच्या अभ्यासात आजही वापरतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे मिळाले. चाकांच्या स्पर्शाच्या सततच्या माऱ्याने रुळाला सूक्ष्म भेगा पडत गेल्या, आणि एक्सप्रेस गाडी जाताना रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसे दगावली. भार दिल्यावर सर्वांत जास्त कातरण्याचा ताण पृष्ठभागावर असतोच असे नाही. बहुधा तो काही मिलिमीटर खाली असतो. तेव्हा भेग डोळ्यांना दिसेलच याची खात्री नाही. म्हणून रुळांची ध्वनिलहरींनी तपासणी करतात, आणि ती कोठे व किती वेळा करावी हे ठरवण्यासाठी दाबाचा आकडा बरोबर असावा लागतो. पडद्यावरचे चाक रुळात घुसले तर आम्ही हसलो. पण आकडा दहा टक्क्यांनी चुकला तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि हसूही येणार नाही.

काकांचा प्रश्न

सुटी संपत आली तेव्हा मी पोकळ स्लीपराचे गणित वहीत मांडून दादाला दाखवले. त्याने ते तपासले, आणि छाया-किंमतीचे साम्य आपल्याला कोणी शिकवले नव्हते, असे प्रांजळपणे कबूल केले. त्याच्या प्रकल्पात त्याने दंड पद्धती घेतली होती. दंड बदलला की दाबाचा आकडा किती बदलतो, ते त्याने त्या दिवशी प्रथमच तपासून पाहिले.

काकांनीही वही पाहिली. त्यांना समीकरणे येत नाहीत, पण प्रत्येक ओळ त्यांनी मला समजावून सांगायला लावली. शेवटी त्यांनी विचारले, “हे चार मिलिमीटर तुला कुणी सांगितले?”

“मी धरले, काका.”

“म्हणजे पोकळी कुठं आहे आणि किती आहे, ते तुमचं गणित सांगत नाही.”

मी म्हटले, “नाही. ते तुम्हीच मोजून द्यायचे. पोकळी कळली की किती भार कुठे जाईल ते गणित सांगेल.”

“मग ठीक आहे,” काका म्हणाले. “आम्ही ठोकून आवाजावरून ओळखतो. भरीव स्लीपर वेगळा बोलतो, पोकळ वेगळा बोलतो.” आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन कामावर गेले.

परतीच्या गाडीत बसल्यावर मी खिडकीतून रुळांकडे पाहत होते. डब्याला आठ चाके. म्हणजे माझ्यासह साऱ्या डब्याचा भार आठ नखांवर होता. भीती वाटली नाही. त्या नखांचा हिशेब कसा करतात हे आता मला थोडेसे कळले होते, आणि त्या हिशेबातला पहिला आकडा कोण आणून देतो तेही ठाऊक झाले होते.

वाचकांपैकी कोणाला उत्सुकता वाटली तर त्यांनी खडीच्या उदाहरणात ९ टनांऐवजी ६ टन भार घेऊन गणित करून पाहावे. दोन्ही गृहीते तपासावीत. रुळाने ४.८ टन आणि खडीने १.२ टन पेलले, असे उत्तर आले म्हणजे स्पर्शाच्या गणिताचा पहिला धडा झाला असे समजण्यास हरकत नाही. त्यासाठी विज्ञान शाखेतच असले पाहिजे, असे मला आता वाटत नाही.

— बी. कॉम., तृतीय वर्ष